दुपारचा गडीमाणूस

"आई, दुपारी आपल्या घरी कोण गडीमाणूस येतो गं?"

प्रश्न सुमंगलाचा नव्हताच. 'सव्वीस जानेवारीला माईकवर बोललीस म्हणून लय शेफारलीस, हिंमत असंल तर घरी इचार,' असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. शेजारच्या धुरपताबाईंनी म्हणे बंद दाराआडून रोज पुरुषाचा आवाज ऐकला होता. आई हसेल, पाठीत धपाटा घालेल आणि उद्या आपण शाळेत ऐटीत सांगू, एवढाच सुमंगलाचा हिशेब.

पण आईच्या, अंबिकाबाईंच्या, हातातली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. "कोन न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

झालं! आता सुमंगलाला भलतंसलतं दिसायला लागलं. आई हल्ली भांडी लवकर का उरकते? दुपारीच वेणी का घालते? आणि परवा चूल फुंकता फुंकता एकटीच का हसली?

दुसऱ्या दिवशी नामांतराचा मोर्चा निघाला आणि शाळा अर्ध्यातच सुटली. घराचं दार आतून बंद. सुमंगला मागच्या खिडकीशी गेली आणि तिने फळीला कान लावला. खरंच पुरुष!

"आता तुम्ही सांगा बरं," तो म्हणत होता. आणि आई लाजत सांगत होती, "पंधरा."

सुमंगलाने खिडकीची फळी हळूच ढकलली. आत पुरुष कुठला? स्टुलावर मामाचा टेपरेकॉर्डर होता. त्याच्यापुढे आई डोक्यावर पदर घेऊन बसली होती, गुरुजी समोर असावेत तशी. सहावीत शाळा सुटलेली आई पोस्टाने शिकवणारा अभ्यासक्रम करत होती. ही त्याची कॅसेट.

"पंधरा आलं ना? शाब्बास!"

आईने बटण दाबून फीत मागे नेली. "शाब्बास!" पुन्हा मागे. "शाब्बास!"

मग तिने हळूच विचारलं, "पण सर, वजाला वजानं गुणलं की अधिक कसं हो होतंय?"

सर पुढचं गणित सांगत सुटले. आई त्यांच्या तोंडाकडे पाहावं तशी मशीनकडे पाहत राहिली.

संध्याकाळी सुमंगलाचे बाबा दत्तराव ड्यूटीवरून आले ते डबा आपटतच.

"ती मशीन तुझ्या भावाला वापस करून टाक. स्टेशनावर लोकं तोंडावर इचारायलेत मला."

"अवो, तुमाला तर ठावं हाय ना काय हाय ते?"

"मला हाय. लोकाला सांगत हिंडू का? आन् एवढं करून तुझं गणित हाय तिथंच!"

"आडलं तर इचारू कुनाला? ते सर काय ऐकायलेत व्हय माझं?"

"मला का न्हाई सांगितलंस?" सुमंगला मध्येच म्हणाली.

"तू हसली असतीस."

आई मशीनला वायर गुंडाळू लागली. सावकाश, नव्या लुगड्याची घडी घालावी तशी.

सुमंगला उठली. माईकसमोर राहिली होती तशी ताठ उभी राहिली.

"बाबा, मशीन कुठं जाणार न्हाई. उद्या शाळेतून आले की ओट्यावर मांडणार, आवाज मोठा करून. धुरपतामावशीला बी ऐकू दे. मैत्रिणींला मीच सांगणार, येतो, गडीमाणूस येतो, गणित शिकवायला येतो! आन् आई, तुझं वजाचं मी सांगणार." तिने आईच्या हातातली वायर काढून घेतली. "शाब्बास बी मीच म्हणणार."