दोन तपासनीस

गुरुवारी जेवणानंतरचा संशोधन पद्धतीचा तास म्हणजे एम.टेक.च्या वर्गाला झोपायची हक्काची जागा. बारा पोरं, बारा जांभया. क्रांती तेवढी जागी असायची, आणि तीही काही हुशारीनं नव्हे. इचलकरंजीहून सकाळच्या एस.टी.त बसलं की कोल्हापूर येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोप काढायची. तरी अंगातला शीण काही केल्या जाईना.

त्या गुरुवारी निशिगंधा मॅडमनी तिच्या आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“क्रांती, हा तुझा दुसरा माणूस डोळे मिटून बसला होता का गं?”

वर्ग हसला.

तिचा विषय तसा साधा होता. यंत्रमागावरच्या कापडाचे फोटो बघून दोष कुठं आहे ते कॉम्प्युटरनं ओळखायचं. पण कॉम्प्युटरला शिकवायचं तर आधी जाणत्या माणसानं फोटोंवर खुणा करून द्यायला हव्यात, आणि मॅडमचा नियम कडक. एक माणूस चालायचा नाही, दोन पाहिजेत. दोघांनी वेगवेगळं बसायचं, एकमेकांना विचारायचं नाही, आणि मग त्यांचं किती जुळतं ते मोजायचं. माणसांचंच जुळत नसेल तर यंत्र काय कपाळ शिकणार?

जाणती माणसं शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं. तिचे वडील आकाराम, म्हणजे घरातले आण्णा, सव्वीस वर्षं ऋतुराज शेठच्या कारखान्यात कापड तपासत होते. त्यांच्या शेजारी, त्याच टेबलाला, मौलाली चाचा. शेठनी फोटो काढू दिले ते एका बोलीवर, की अहवाल आधी त्यांना दाखवायचा. चांगला तपासनीस कोण आणि यंत्र घ्यावं का, दोन्ही त्यांना जाणून घ्यायचं होतं. मग एका सुट्टीला क्रांतीनं आण्णांना बाहेरच्या सोप्यात आणि चाचांना स्वयंपाकघरात बसवलं आणि चारशे फोटो दाखवले. चाचांना एकशे एकतीस दोष सापडले. आण्णांना चौसष्ट, आणि त्यातले निम्मे जिथं कापड स्वच्छ होतं तिथं.

“छापा-काटा केला असता तरी एवढंच जुळलं असतं,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी अहवाल पाहिजे. याला गाळायचं असेल तर गाळ, पण का गाळलंस ते लिहायचं. न लिहिता गाळलंस तर मी तुला गाळीन.”

बाहेर आल्यावर वर्गातला सम्राट म्हणाला, “कशाला जिवाला लावून घेतीस? पहिल्याचंच उचल, पंचवीसेक ठिकाणी बदल, झालं काम. कुणाच्या बापाला कळतंय?”

प्रश्न तिच्याच बापाचा होता, हे त्या शहाण्याला कुठं ठाऊक!

अहवालात नावं नव्हती, ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ एवढंच होतं. पण कारखान्यात तपासनीस दोनच. कोण कुठला ते कळायला शेठना काय ज्योतिषी लागणार होता?

संध्याकाळी चाचा नेहमीसारखे चहाला आले आणि उंबऱ्याशी टेकले. क्रांतीनं लॅपटॉप आण्णांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावरच्या कापडात बोट जाईल एवढं भोक होतं.

“आण्णा, हितं काय दिसतंय?”

“कापड की.”

“व्हय, पण कापडात काय?”

आण्णांनी तोंड पडद्याला लावलं. मग पंजा उघडून पडद्यावरनं सावकाश फिरवला. चाचा खोकले.

“दोष हाय,” आण्णा ताडकन म्हणाले.

क्रांतीनं चाचांकडं बघितलं. चाचांनी मान खाली घातली. मग कुणालाच काही विचारायचं उरलं नाही.

“काचबिंदू हाय म्हणाला डाक्टर,” आण्णा म्हणाले. “दोन वर्सं झाली. गेलं ते गेलंच म्हणतो, फिरून यायचं न्हाय. भोक, गाठ, तुटल्याला धागा, समदं हाताला लागतंय मला. डाग तेवढा हाताला लागत न्हाय. तवा ह्यो खोकतो.”

अरे देवा! दोघांचं मिळून एक काम चाललेलं, आणि हिनं पुस्तकातला नियम आणून त्यांना दोन खोल्यांत बसवलं. मॅडमनी मागितलेले दोन तपासनीस मुळात कधी नव्हतेच. क्रांतीला स्वतःचा राग आला, आण्णांचाही आला. दोन वर्षं एका घरात राहून आपल्याला पत्ता लागला नाही याची तर लाजच वाटली.

“माझं पुन्यांदा घे बेटा,” चाचा म्हणाले. “मी बी वाकड्यातिकड्या खुणा करतो. दोघं बी चुकलो की खापर फोटूवर फुटंल.”

“आणि तुमची नोकरी गेली तर?”

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

क्रांतीनं दप्तरातून एक कागद काढला. “आण्णा, यावर सही करा. तुमच्या खुणा तुम्ही मागं घेतल्या असं हुतंय. कारण कुणी इचारू शकत न्हाय, तसा कायदाच हाय आमच्यात.”

“मग तुझा अहवाल?”

“एका माणसावर चालत न्हाय. दुसऱ्या कारखान्यात पुन्हा पहिल्यापासनं. सहा महिने जातील, जाऊ द्यात.” हे म्हणताना तिला पुढच्या सहा महिन्यांच्या एस.टी. आठवल्या आणि तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

आण्णांनी कागद हातात धरला. उलटा धरलाय हे तिनं सांगितलं नाही.

“दोन वर्सं मौलालीच्या खोकल्यावर जगलो,” ते म्हणाले. “आता तुझ्या सहा म्हयन्यांवर बी जगू व्हय?”

“आण्णा, तसं न्हवं...”

“गप. हाय ते लिव. तुझा कागद जायच्या आधी शेठला माझा मी सांगतो.”

शुक्रवारी सकाळी डबा घेऊन ते गेले. चाचा त्यांच्या दंडाला धरून चालत होते. इतके दिवस ती याला दोस्ती समजत आली होती. ती कॉलेजला गेली नाही. लिहायला बसली. ‘पहिला तपासनीस’ लिहून झालं. ‘दुसरा तपासनीस’ एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. तासभर ती नुसती बसून राहिली. मनातल्या मनात म्हणत राहिली, शेठनी ऐकून घेतलं असेल, कापडाच्या घड्या घालायला तरी ठेवलं असेल. सव्वीस वर्षांचा माणूस आहे.

दहाच्या सुमाराला दार वाजलं. सव्वीस वर्षांत या वेळेला ते कधी घरी आले नव्हते. आण्णांनी चौकट हातानं चाचपली, आत आले, भरलेला डबा कट्ट्यावर ठेवला आणि तिच्याजवळ खाली बसले.

“झालं का लिवून?”

“न्हाय.”

“मग लिव की,” आण्णा म्हणाले. “आता कुणाला भ्यायचंय?”