लंगड्या घोडीचा कोणता पाय

लंगड्या घोड्याला तापल्या लोखंडाचा डाग द्यायची विद्या आमच्या घरात तीन पिढ्यांची. वाटूरपासून शहागडपर्यंत कुणाचं घोडं लंगडलं की बोलावणं मलाच, ह्या कारभारीलाच. त्यात हैदराबादहून भालचंद्र डॉक्टर जालन्याला आल्ते अन् सरकारी खर्चानं पाच जणांना घोड्याची दवा शिकवून राह्यले होते. ऐकूनच माझं डोकं फिरलं. वहीत बघून घोडं बरं होतंय व्हय?

अन् नेमकी माझीच चंद्री लंगडली. आम्हाला मूलबाळ न्हाई, घरात लेकरू म्हणाल तर तीच. डाव्या खांद्याला दोन डाग दिले, उतार पडंना. तिसऱ्यासाठी लोखंड तापवलं तर बायकोनं, साळूबाईनं, चुलीत पाणी ओतलं. म्हणाली, आता डॉक्टरच. गेलो झक मारत.

कोणता पाय, डॉक्टरांनी विचारलं. डावा, मी ठासून सांगितलं. डावा टेकला की मान खाली टाकते, आंधळ्यालाबी कळंल. त्यांनी फरशीवर दहा फेऱ्या मारायला लावल्या. मंग शिकाऊ पोरांना समजावलं, दुखरा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं, भार नको म्हणून. चांगल्या पायावर बिनघोर मान टाकतं. उजव्या खुरात चाकू घातला तर काळा पू निघाला. थोड्या वेळानं चंद्रीनं पाय बराबर टेकला. मी सगळ्यांदेखत रडलो, खोटं कशाला सांगू.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. विचारलंच.

"साहेब, मंग आजवर मी डागलेली घोडी बरी कशी झाली?"

"डाग दिल्यावर महिनाभर बांधून ठेवायला सांगत होतात ना, कारभारी? त्या आरामानं."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र हसले न्हाईत. त्यांना लंगडेपणावर संशोधन करायचं होतं. तुम्ही डागलेलं एकेक घोडं दाखवाल का, पगार देतो, म्हणाले. वर्षभर आम्ही गावोगाव फिरलो, मी दाखवायचो, ते वहीत उतरवायचे. अशी मजेची नोकरी सात जन्मांत मिळाली नसती.

आता नवी पोरं आली की पहिला तास माझा. चंद्रीला चालवतो, मान दाखवतो. मंग तिच्या डाव्या खांद्यावर पोरांचे हात ठेवतो अन् म्हणतो, "हे दोन्ही डाग मी दिलेत. चांगल्या पायाला."