फळीपलीकडचा दिवा

घड्याळजींच्या घरातलं भांडण आवाजावरून सुरू झालं आणि उजेडावर जाऊन पोचलं.

घर दोन भावांचं. थोरले घड्याळजी. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे आणि घरी आले की त्याच नजरेनं भाजीत काय काय पडलंय ते बघायचे. धाकटा बसड्रायव्हर, लांबच्या गाड्यांवर. चार दिवस रस्त्यावर, दोन दिवस घरी. थोरली जाऊ शिवणकाम करायची. धाकटी एका छापखान्याची प्रुफं तपासायची. पुढच्या मोठ्या खोलीत, एका दिव्याखाली, दोघी समोरासमोर बसून कामं उरकायच्या. नऊ वर्षं हे बरं चाललं होतं.

पण धाकटीला प्रुफं मोठ्यानं वाचायची सवय होती, आणि तीही विरामचिन्हांसकट. "तो म्हणाला स्वल्पविराम मी येत नाही पूर्णविराम." थोरली मशीन मारता मारता हे ऐकायची. एक दिवस पूर्णविराम ऐकून तिचा पाय आपोआप थांबला, लक्ष उडालं, आणि गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही उजवीकडे बसली.

"तुझ्या त्या पूर्णविरामानं माझा कोट गेला," ती म्हणाली.

"आणि तुमच्या मशीनच्या खडखडाटानं माझं पुस्तक गेलं, जाऊबाई!" धाकटी म्हणाली. "डॉक्टरांचं पुस्तक होतं. 'रोगी हळूहळू बरा झाला'च्या जागी 'रोगी हळूहळू बारा झाला' छापून आलंय. अकरा कुठं गेले म्हणून विचारतायत मला."

शब्दाला शब्द लागत गेला. संध्याकाळपर्यंत बोलणं बंद, आणि आठवड्याभरात खोलीच्या मधोमध प्लायवुडची फळी उभी राहिली.

खोलीचे दोन भाग झाले, पण दिवा थोरलीच्या भागात राहिला. धाकटीकडे दिवसाढवळ्यासुद्धा अंधार.

"त्यात काय! मी देतो काढून लाईन," घड्याळजी म्हणाले. बारीक कामात आयुष्य गेलेल्या माणसाला वायरिंग म्हणजे किरकोळ वाटलं. घड्याळात एका चाकावरून दुसरं चाक फिरतं, दुसऱ्यावरून तिसरं. तसंच त्यांनी इथंही केलं. पहिल्या दिव्यातून निघणारी तार परत न पाठवता फळीपलीकडे नेली, दुसऱ्या दिव्यातून फिरवली आणि मग माघारी पाठवली. दोन्हीकडे एकेक बटण, दोन्हीकडे साठचा बल्ब. "वायरसुद्धा निम्मी लागली," हात झटकत ते म्हणाले.

संध्याकाळी थोरलीनं बटण दाबलं. दिवा लागला नाही. तिनं चार वेळा खालीवर केलं, बल्बला दोन शिव्या घातल्या आणि बटण बंद करून आत गेली. मग पलीकडून धाकटीनं बटण दाबलं. तिचाही लागला नाही. तीही बंद करून उठली. थोरली परत आली. असं अर्धा तास चाललं. एकदा मात्र दोघींची बटणं एकाच वेळी चालू राहिली आणि दोन्ही दिवे लागले. लागले म्हणजे काय, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे तांबूस झाले. त्या उजेडात दिवा कुठाय ते दिसत होतं, बाकी काही नाही.

"अहो, त्यांना सांगा," थोरली नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "की आमच्या दिव्यातली वीज ओढून घेऊ नका म्हणावं."

"भावोजी, त्यांना सांगा," फळीपलीकडून आवाज आला, "की वीज आधी त्यांच्याकडे येते. पोटभर खाऊन उरलेली आमच्याकडे पाठवतात, आणि वर आम्हालाच बोलतात!"

घड्याळजींनी कुणालाच काही सांगितलं नाही. "वरूनच लाईन कमी येतेय," एवढं बोलून ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी थोरली बाजारातून शंभरचा बल्ब घेऊन आली. स्टुलावर चढून तिनं साठचा काढला, तशी पलीकडून किंकाळी आली, "माझा का घालवला?" थोरलीला आतून बरं वाटलं. तिनं शंभरचा बसवला आणि वर बघत राहिली.

तिचा दिवा आधीपेक्षा मंद झाला होता. आणि फळीच्या फटीतून पलीकडचा उजेड आधीपेक्षा चांगलाच वाढलेला दिसत होता.

थोरली स्टुलावरच बसली. शंभरचा आपण आणायचा आणि उजेड तिच्याकडे पडायचा, हा काय न्याय झाला? हार मानणाऱ्यातली ती नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं दोनशेचा आणला. नारळाएवढा बल्ब. दुकानदारानं विचारलंसुद्धा, "बाई, घरात लावताय की मैदानात?" तो लावला, तर आतली तार जेमतेम लालसर झाली. पलीकडे मात्र धाकटी झकास उजेडात बसून वाचत होती, "त्याचे नशीब उजळले उद्गारचिन्ह."

"हे मला उद्देशून आहे!" थोरली म्हणाली.

"नाही गं, प्रुफात असेल तसं," घड्याळजी म्हणाले.

"प्रुफात असलं तरी मलाच उद्देशून आहे."

तिनं रागानं बटण बंद केलं. दोन्हीकडे मिट्ट काळोख झाला. धाकटीनंही इरेला पडून आपलं बटण बंद केलं. ती तिच्या अंधारात बसली, ही हिच्या. मधल्या मध्ये घड्याळजी चाचपडत पाण्याचा तांब्या शोधत राहिले.

चौथ्या दिवशी धाकटा कामावरून आला. बायकोचं ऐकून घेतलं, वहिनीचं ऐकून घेतलं, भावाच्या तोंडाकडे बघितलं. त्याला कळलं एवढंच, की घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे आणि दिवा कुणाचाच नीट लागत नाही.

"तू जरा कमी वीज घे ना," तो बायकोला हळूच म्हणाला.

इथं धाकटीचा बांध फुटला. "मी घेतेय? बरं! आता बघाच!" तिनं कपाटातून झिरोचा बल्ब काढला, जो घरात लहान मूल झोपलं की लावतात, साठच्या जागी बसवला आणि आपलं बटण लावलं. "घ्या! घरातला सगळ्यात गरीब बल्ब लावलाय. आता तरी नाही ना ओढत तुमची वीज? लावा बटण!"

थोरलीनं बटण लावलं. झिरोचा बल्ब दिमाखात पेटला, आयुष्यात जेवढा उजेड द्यायचा तेवढा सगळा देत. आणि थोरलीचा दोनशेचा नारळ काळा ठिक्कर.

थोरली म्हणाली, "शून्य. शून्याच्या बल्बनं माझे दोनशे खाल्ले." आणि पदर डोळ्यांना लावून ती खरोखरच रडायला लागली. बल्बचं एवढं नव्हतं. नऊ वर्षं जी समोर बसून दोरा ओवून द्यायची, ती आपल्याशी अशी वागते, हे तिला सोसेना. पलीकडे धाकटीही रडत होती, कारण आपण काय केलं तेच तिला कळत नव्हतं.

धाकटा तसाच चपला घालून बसडेपोत गेला आणि तिथल्या वायरमनबाईंना घेऊन आला. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर अडकवलेला. त्यांनी आल्या आल्या मेन स्विच पाडला, दोन्हीकडची बटणं उघडली, तारेवरून बोट फिरवत फळीपर्यंत गेल्या आणि पलीकडून बाहेर आल्या.

"हे कुणी केलंय?"

घड्याळजी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"केलंय सफाईनं," बाई म्हणाल्या. "गाठी सुंदर आहेत. फक्त चूक आहे."

"पण बाई," थोरली म्हणाली, "माझी वीज ही खाते की नाही, तेवढं सांगा."

"वीज कुणी खात नाही. जेवढी येते तेवढीच परत जाते." सगळ्यांच्या तोंडावर अविश्वास बघून बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. शिवणाच्या टोपलीत परकराच्या नाडीची मोठी गुंडी होती. त्यांनी लांबलचक नाडी कापून घेतली, टोकांना गाठ मारून तिचं कडं केलं आणि सगळ्यांना अंगणात नेलं. "घड्याळजी, तुम्ही इकडे उभे राहा. तुम्ही विजेचा कारखाना. नाडी एका हातानं ओढायची, दुसऱ्यानं पुढं सोडायची. जोर कमीजास्त करायचा नाही. दोघी जावा तिकडे उभ्या राहा. नाडी मुठीतून जाऊ द्या."

दोघी घड्याळजींच्या समोर अंतर राखून उभ्या राहिल्या, एकमेकींकडे न बघता. घड्याळजी ओढायला लागले. नाडी थोरलीच्या मुठीतून धाकटीच्या मुठीत, तिथून परत घड्याळजींच्या हातात, अशी फिरू लागली.

"आता बघा. वाटेत नाडी कुणी खाल्ली?"

"नाही," धाकटी म्हणाली. "माझ्यातून जाते तेवढीच जाऊबाईंच्यातून जाते."

भांडण झाल्यापासून पहिल्यांदा 'त्यांच्या'ऐवजी 'जाऊबाईंच्या' आलं होतं. थोरलीच्या ते लक्षात आलं, पण ती नाडीकडेच बघत राहिली.

"ताई, मूठ गच्च आवळून नाडी धरूनच ठेवा बरं."

थोरलीनं मूठ आवळली. सगळी नाडी जागच्या जागी थांबली. घड्याळजी पुढं झोकांडले.

"हे बटण बंद केल्यासारखं झालं. वाट एकच आहे. तुम्ही अडवली की हिचंही अडलं, हिनं अडवली की तुमचंही. आता ताई, तुम्ही सैल धरा. ह्या धाकट्या घट्ट धरतील, पण नाडी सरकू देतील. घड्याळजी, ओढा."

थोड्याच वेळात धाकटीनं हात झटकला. "अगं बाई! भाजला की!"

"आणि ताईंचा?"

"माझा थंडगार," थोरली म्हणाली.

"झालं तर. झिरोच्या बल्बात तार बारीक, ती विजेला घट्ट धरते. दोनशेची तार जाड, ती सैल सोडते. एकाच वाटेवर दोघं असले की घट्ट धरणारा तापतो, आणि जो तापतो तोच उजळतो. तुम्ही मोठा मोठा बल्ब आणत गेलात, म्हणजे मूठ सैल सैल करत गेलात."

थोरली हुशार होती. "मग बाई, दुकानात दोनशेचा जास्त उजेड देतो तो कसा?"

बाईंना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी नाडीची दोन वेगवेगळी कडी केली आणि घड्याळजींच्या दोन हातांत दिली. "आता ज्याची वाट त्याला. दोन्हीकडे ओढायचा जोर तेवढाच. सैल मुठीतून नाडी सर्रकन धावते, घट्ट मुठीतून रखडत जाते. आता जास्त तापेल ती सैल मूठ. ओढा!"

"अहो, दोन्ही हातांनी कसं ओढणार?" घड्याळजी घामाघूम झाले होते.

"कारखान्याला तक्रार करता येत नाही," धाकटी म्हणाली, आणि थोरली फस्सकन हसली. मग आपण हसलो हे आठवून गप्प बसली, पण उशीर झाला होता.

बाईंनी तासाभरात दोन्ही दिव्यांना आपापली जाणारी आणि आपापली येणारी तार दिली. वायर दुप्पट लागली. मेन चालू केला. "लावा बटणं. वाट्टेल त्यानं आधी लावा."

थोरलीनं बटण दाबलं, आणि खोलीत सूर्य उगवला. दोनशेचा नारळ आता खराखुरा दोनशेचा झाला होता. कोपऱ्यातली जळमटं, मशीनखालची धूळ, भिंतीवरचा पोपडा, घड्याळजींच्या शर्टावरचा आमटीचा डाग, सगळं एका क्षणात उघड्यावर आलं. शेजारीण खिडकीशी येऊन विचारून गेली, काही शूटिंग आहे का म्हणून.

पलीकडे झिरोचा बल्ब आपल्या मूळ लायकीवर आला होता. धाकटीला स्वतःची बोटंसुद्धा धूसर दिसत होती. तिचा साठचा घाईत काढताना पडून फुटला होता, आणि दुकान बंद व्हायची वेळ झालेली.

थोरली थोडा वेळ मशीनशी बसली. मग हातातलं काम खाली ठेवून फळीला म्हणाली, "इकडे ये. तिकडे डोळे फोडून घेऊ नकोस."

"येऊ कशी? मधे फळी आहे."

"अंगणातून ये की. पाय आहेत ना?"

धाकटी प्रुफांचा गठ्ठा काखोटीला मारून अंगणातून फिरून आली आणि डोळे मिचकावत दारात उभी राहिली. "जाऊबाई, हा बल्ब आहे की शिक्षा?"

"बस आता," थोरली म्हणाली. "आणि ती बाही जरा बघ, सरळ लागलीय का. मला ह्या उजेडात सगळंच वाकडं दिसतंय."

धाकटीनं बाही नीट बघितली आणि ती उसवायला घेतली.

फळी मात्र लगेच काढली नाही, कारण दोघींनाही तिच्यावरच्या खुंट्यांना सामान अडकवायची सवय झाली होती. अंगणातून येरझारा करून कंटाळल्यावर त्यांनी सुताराला बोलावून फळीत दार करायला सांगितलं. सुतारानं साधा प्रश्न विचारला, "दार उघडणार कुणीकडे?" त्यावर दोघी भांडायला लागल्या. माझ्याकडे उघडलं तर मशीनला लागेल, तुझ्याकडे उघडलं तर कपाटाला लागेल, कडी तुझ्याकडे का, माझ्याकडे का नाही. सकाळी सुरू झालेलं हे भांडण दुपारी जेवतानाही चालू होतं, एकाच ताटलीतलं लोणचं खात, आणि "त्यांना सांगा" एकदाही न म्हणता. शेवटी वैतागलेल्या सुतारानं कडी लावलीच नाही आणि दार दोन्ही बाजूंना झुलणारं केलं. संध्याकाळी घड्याळजी दुकानातून आले, चहाचा कप हातात घेऊन कारागिरी तपासायला वाकले, आणि त्याच वेळी पलीकडून धाकटी प्रुफं घेऊन लगबगीनं आली.

कप वाचला. चहा मात्र प्रुफावर गेला.