खिळ्यावरचा लगाम

टॅम्झिन तव्यावर ओटच्या भाकऱ्या उलटत होती, तेवढ्यात जर्व्हेस आत आला आणि टोपी न काढताच बाकावर बसला. नवऱ्याचं तोंड पाहून तिने ओळखलं.

"ठरलं वाटतं?"

"एकदा माफी मागून टाक ना गं. काय जातं तुझं?"

"जीभ जाते."

आदल्या रविवारी प्रवचन संपल्यावर ती उभी राहिली होती. पाद्री क्रेकना तिने एवढंच विचारलं होतं, "चर्चवर बिशपांचा अंमल होता तेव्हा तुम्हीच सांगायचात, देवाचं वचन ज्याने त्याने आपल्या अकलेने वाचावं. मग आम्ही बायकांनी वाचून शंका काढली तर पाप कसं?" उत्तर नव्हतं, म्हणून शिक्षा निघाली.

आमच्या यॉर्कशरच्या या लोकरगावात सगळे स्वातंत्र्याचे भक्त. राजाचं डोकं उडवणाऱ्या फौजेत लढून आलेले. त्यांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, खिडक्यांतले रंगीत संत दगड मारून पाडले, वेदीचा कठडा चुलीत घातला. जुन्या जुलमाची एकच वस्तू शाबूत ठेवली: तोंडाळ बायकांसाठीचा लोखंडी लगाम. डोक्याभोवती पिंजरा आणि जीभ दाबणारी पट्टी. चर्चच्या मागच्या खोलीत खिळ्याला, तेल लावून टांगलेला. मूर्तीत यांना सैतान दिसला, लगामात दिसला नाही. कसा दिसेल? तो उपयोगाचा होता.

रीत अशी की लगामाची दोरी नवऱ्यानेच धरायची आणि बायकोला चौकात फिरवायचं. नाही धरली तर तोही चर्चच्या मंडळीबाहेर. मग जर्व्हेससारख्या रंगाऱ्याच्या कापडाला कोणी हात लावत नाही.

कोपऱ्यात लोकर विंचरणाऱ्या म्हाताऱ्या ग्रिझलने लेकाकडे पाहिलं. "का रे, राजाच्या तोफेसमोर उभा राहिलास म्हणे?"

"आई, ती गोष्ट वेगळी."

"वेगळीच तर. तिथं पळायला जागा नव्हती."

बाजाराच्या दिवशी त्याने दोरी धरली. जनावर विकायला न्यावं तसं बायकोला चौकातून फिरवलं. "ए जर्व्हेस, घोडी चांगली वळली की रे!" खाटीक ओरडला आणि सगळे स्वातंत्र्यवीर खिदळले. घरी लगाम काढला तेव्हा पट्टी रक्ताने माखली होती. त्यावर क्रेकचा निरोप: रविवारी सर्वांसमोर चूक कबूल कर, नाहीतर पुन्हा लगाम.

धुण्याच्या ओढ्यावर ग्रिझल गावच्या बायकांशी बोलली. काय बोलली ते नवऱ्यांना कळलं नाही. त्यांनी कधी विचारलं होतं?

रविवार आला. आमच्याकडे पाद्री स्तोत्राची एकेक ओळ म्हणतो आणि मंडळी ती उचलते. सूर बायकांचा, पुरुष मागून गुरगुरतात. क्रेकनी ओळ म्हटली. चार-पाच घोगरे आवाज उठले, चार दिशांना गेले आणि विझले. बायकांच्या बाकांवर सगळी तोंडं मिटलेली. क्रेकनी तीच ओळ पुन्हा म्हटली. या वेळी पुरुषांचीही हिंमत झाली नाही.

"गा!" ते किंचाळले. "तोंडं उघडा!"

ग्रिझल उठली. "पाद्रीबाबा, एक काय ते ठरवा. मिटायची का उघडायची? उघडली तर आधी प्रश्न येईल, मग स्तोत्र."

"लगाम आणा!"

"आणा की. तुमच्याकडे एकच आहे. इथं किती जणी बसल्यात ते बघा."

चर्चच्या सेवकाने लगाम आणला. क्रेकनी दोरी जर्व्हेसपुढे धरली. तो उठला, घुटमळला, पुटपुटला, "माझ्याच्यानं नाही होणार." लगाम बायकोला चावल्यावर सुचलेलं ते शौर्य! टॅम्झिनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उभी राहिली आणि सुजलेल्या जिभेने, बोबड्या शब्दांत, तोच प्रश्न पुन्हा विचारला.

क्रेक पुस्तक मिटून निघून गेले. उत्तर अजून यायचंय.

लगाम पुन्हा खिळ्यावर गेला. त्याला अजून तेल कोण लावतं, दोरी कोण धरतं, ते स्वातंत्र्यावर भाषणं ठोकणाऱ्यांनी आपापल्या घरी विचारावं. बायकोला विचारा. बोलू दिलंत तर सांगेल.