बोटाखालचा रस्ता

माझं नाव ऐकून तुम्हाला फारसा बोध होणार नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी ग्राउट. फरशीच्या दोन तुकड्यांमधली फट बुजवतात ना, तो मसाला. गवंडी मला 'दरजा', म्हणजे फटी, 'भरायचा माल' म्हणतो, दुकानदार 'फिलर' म्हणतो, आणि मी सध्या ज्या घरात राहतो तिथली आई मला सरळ 'चिखल' म्हणते. म्हणू दे बापडी. तिची जीभ तिखट आहे, पण मनात काही ठेवत नाही.

मला सांगा, तुकड्यांचं चित्र, म्हणजे ते मोझेक, बघताना तुम्ही कधी फटींचं कौतुक केलंय? नाही ना! "काय सुंदर निळी काच आहे!" "हा पिवळा तुकडा कुठून मिळवला हो?" सगळी वाहवा त्यांची. अहो, पण त्या निळ्या काचेला धरून कोण बसलंय? मी नसेन तर तिच्या कडेने पाणी शिरेल आणि एक दिवस ती टपकन गळून केरात जाईल. माझ्याकडे कुणी बघितलंच, तर "इथे जरा डाग राहिलाय" असं म्हणण्यापुरतं. इतके दिवस मी ऐकून घेतलं. आता मात्र माझ्या अंगावर मूठभर मांस चढलंय, आणि ते का चढलंय हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. सिमेंट, बारीक वाळू आणि थोडी काळी भुकटी एका मोठ्या पिंपात गरगर फिरवली आणि मी तयार झालो. जन्मल्याबरोबर पिशवीत कोंबलं आणि वर छापलं, 'ओल लागू देऊ नये'. गंमत बघा, पाण्याशिवाय माझं आयुष्य सुरूच होत नाही आणि मलाच पाण्याची बंदी! दुकानात मी सगळ्यात खालच्या फळीवर पडलो होतो. जो येईल तो मला पायाने बाजूला सारायचा.

मग एक दिवस एक बाई आली. बाहीवर साखरेची पांढरी भुकटी लागलेली. बेकरीत केक सजवते ती. तिने करड्या रंगाच्या सगळ्या पिशव्या खाली काढायला लावल्या. हा फार फिका, हा निळसर मारतोय, हा तपकिरी. सोबत आलेली तिची आई उभी राहून राहून कंटाळली.

"अगं, ज्यांच्यासाठी करतेस त्यांना दिसत नाही, आणि तू रंग काय निवडत बसलीयस?"

"आई, रस्ता रस्त्याच्याच रंगाचा हवा," लेक म्हणाली आणि तिने मला उचललं.

रस्ता? मी मनात म्हटलं, हिची काहीतरी गल्लत होतेय. मी फट बुजवणारा. माझा आणि रस्त्याचा काय संबंध?

घरी मला कपाटावर ठेवलं. पिशवीला जीभ नसते, पण कान असतात, त्यामुळे सगळी हकीकत मला बसल्या जागी कळली. बाबा बसचालक. सगळी हयात एकाच मार्गावर गाडी चालवली. डेपोतले लोक त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू खाल्ली आणि शेवटी पुरती नेली. तरी माणूस खचला नव्हता. खिडकीशी बसून आपल्या मार्गावरचे थांबे ओळीने म्हणायचे: डेपो, शाळा, बाजार, पूल. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "झाली का तुमची फेरी?"

एकदा ते पाण्याच्या टाकीपर्यंत आले आणि अडले. "टाकीनंतर काय गं?"

"मला काय विचारता? मी कुठे चालवली तुमची बस!" आई हसत म्हणाली.

ते हसले नाहीत. "डोळे गेले ते गेले, आता डोक्यातूनही रस्ता चाललाय माझ्या," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्यांनी थांबे म्हणणं सोडलं आणि दाराबाहेर पाऊल टाकणंही सोडलं. कुणी फिरायला नेतो म्हटलं की पाठ फिरवून पडायचे. लेकीने त्यांना बोलणारं घड्याळ आणून दिलं, तर "छान आहे हं" म्हणाले आणि उशीखाली दाबून ठेवलं.

म्हणून लेकीने हा घाट घातला होता. सुट्टीच्या दिवशी त्या बसमधून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायची, आणि घरी येऊन एका जाड फळीवर सगळा मार्ग मांडायची. शाळेसाठी गोल खडे, बाजारासाठी फुटक्या कुंडीचे खरबरीत तुकडे, दवाखान्यासाठी गुळगुळीत काच, नदीसाठी धार घासून काढलेल्या बाटलीच्या काचा. डेपोच्या जागी तर बाबांचा नंबर कोरलेला पितळी बिल्लाच बसवला होता. आणि रस्ता? तो तिने बनवलाच नव्हता. तुकड्यांच्या मधून बोटभर रुंदीची एक लांबच लांब, वळणावळणाची फट सोडली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती फट माझी होती!

"ही दिवसभर कटाकटा काय तोडत असते?" बाबा विचारायचे.

"तुमचीच लेक आहे. तोडून बोलत नाही, म्हणून पक्कड घेऊन तोडतेय," आई म्हणायची.

शेवटी माझा दिवस उजाडला. पिशवी फोडली, घमेल्यात ओतलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर पाणी पडलं. काय सांगू तुम्हाला! कण न् कण जागा झाला. लेकीने मला घट्टसर कालवलं, थोडा वेळ मुरू दिलं, पुन्हा ढवळलं आणि रबरी थापीने फळीवर पसरलं. तिरके हात मारत, दाबत दाबत, कानाकोपऱ्यात. बघता बघता शाळा गेली, बाजार गेला, नदी गेली. सगळीकडे मीच मी!

"अगं बाई, घातलास ना चिखल सगळ्यावर!" आईने कपाळाला हात लावला. "सोन्यासारखं चित्र होतं!"

"थांब गं, पुसल्यावर बघ."

मी जरासा आळल्यावर तिने स्पंज पिळून पिळून हलक्या हाताने मला वरून पुसून काढलं. एकेक तुकडा पुन्हा वर आला, लखलखीत. वर राहिलेला धुरकट पापुद्रा तिने सुक्या फडक्याने घासला. आणि माझं रूप तर विचारूच नका! काठोकाठ भरलेला, तुकड्यांच्या बरोबरीने सपाट, कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. केकवर क्रीम फिरवून सराईत झालेला हात तो! आयुष्यभर तिने एकच गोष्ट केली होती, पृष्ठभाग असा गुळगुळीत करायचा की नजर ठरू नये. मी तर फुगून नुसता टम्म झालो होतो.

"बाबा, या. हात द्या," लेक म्हणाली. तिने त्यांना फळीसमोर बसवलं.

बाबांनी फळीवर हात ठेवला. हात इकडे गेला, तिकडे गेला, मागे आला. त्यांची बोटं काहीतरी शोधत होती. माझ्यावरून गेली आणि त्यांना मी कळलोच नाही. फट नव्हतीच तर कळणार काय! बिल्ल्यावर आली, तर त्यावरचे आकडेही मी तोंडापर्यंत भरून टाकले होते.

"छान झालंय हं," बाबा म्हणाले. "अगदी गुळगुळीत."

लेकीचे डोळे भरून आले, आनंदाने. पण आई इतक्या वर्षांचा संसार केलेली बाई. तिने कमरेवर हात ठेवले.

"छान काय, छान! खोटं बोलतायत तुझे बाबा. हात बघ कसा फिरतोय, टेबल पुसल्यासारखा. त्यांना रस्ता म्हणून काही लागत नाहीये हाताला."

"तू गप्प बस गं," बाबा म्हणाले. "पोरीने मेहनत केलीय."

"मेहनत केलीय म्हणून तर बोलतेय. ही फळीसुद्धा उशीखाली घालणार आहात का? मावणार नाही!"

लेकीने डोळे मिटले आणि स्वतःचं बोट फिरवून बघितलं. एकदा, दोनदा. मग ती म्हणाली, "मी डोळ्यांसाठी केलं गं आई. बाबांसाठी केलंच नाही."

तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या सपाटपणाची मी शेखी मिरवत होतो, त्यानेच त्या माणसाचा रस्ता गिळला होता. आणि माझी जात अशी की थांब म्हटलं तरी मी थांबत नाही. पाणी पडलं की मी घट्ट होत जाणार. अजून थोडा वेळ गेला असता तर छिन्नीशिवाय हललो नसतो, आणि छिन्नीने तुकडेही गेले असते.

"हे अजून ओलं आहे का?" बाबांनी एकदम विचारलं.

"आहे. पण लवकर सुकेल."

"मग रडतेस काय! काडी आण एखादी."

लेक धावत केक कोरायची लाकडी सळई घेऊन आली. ती वाकून मला उकरायला लागणार, तेवढ्यात बाबांनी तिच्या हातातून सळई घेतली. "तू सर. तुला बघून शोधावं लागेल. मला कळतंय. तुकडा टणक लागतो, हे मऊ लागतं."

"बाबा, हातमोजे घाला, सिमेंट आहे ते."

"हातमोजे घातले की माझे डोळे मिटतात," बाबा म्हणाले आणि डाव्या हाताच्या बोटाने मला चाचपत, उजव्या हाताने उकरायला लागले.

बिल्ल्यापासून सुरुवात झाली. आई चष्मा लावून सुईने आकड्यांमधला माल काढत बसली आणि लेक मागोमाग ओल्या स्पंजने कडा साफ करत गेली. बाबांची सळई माझ्या अंगातून पुढे सरकत होती आणि दुखण्याऐवजी मला गुदगुल्या होत होत्या. माझ्यातून रस्ता निघत होता! "ही शाळा," बाबा पुटपुटले. बोट खड्यांवर टेकवलं. "इथे पोरं एकदम आडवी यायची. ब्रेकवरच पाय." मग बाजार. "इथे हॉर्न वाजवून उपयोग नाही, वाट बघायची." मग पूल, मग दवाखाना. त्यांचा आवाज चढत गेला. पाण्याच्या टाकीपाशी सळई थांबली.

लेकीने श्वास रोखला. मीसुद्धा, म्हणजे मला जमतो तेवढा.

"टाकीनंतर लगेच थांबा नाहीच आहे!" बाबा ओरडलेच. "टाकीनंतर चढ आहे! म्हणून आठवत नव्हतं मला, मी थांबा शोधत बसलो होतो! पहिल्या गिअरवर यायचो तिथे, गाडी अशी कण्हायची..." आणि त्यांनी तोंडाने गाडीचा आवाज काढला. आई इतकी हसली की तिची सुई माझ्यात पडली.

"बाबा, चढ कसा दाखवू? तुकडे तर चिकटलेत," लेक म्हणाली.

"तुकड्यांना काय विचारतेस? हे आहे ना!" असं म्हणून बाबांनी मला थोपटलं. टाकीपाशी खोल, मग जरा कमी, मग आणखी कमी, असं करत त्यांनी मला चढवत नेलं, टेकडीच्या माथ्यावर काठोकाठ ठेवलं आणि पलीकडे पुन्हा उतरवलं. ओल्या चमच्याच्या दांड्याने वरून फिरवून सारखं केलं. आता बोलवा त्या निळ्या काचेला! तिला म्हणावं, जरा चढ होऊन दाखव. आहे तिथे चकाकत बसण्यापलीकडे येतं काय तिला?

त्यानंतर बाबांचे हात धुताना आईने त्यांना जे काही ऐकवलं ते मी सांगत नाही. मला काही दिवस ओल्या कापडाखाली ठेवलं, कारण सावकाश सुकलो की मी पक्का होतो. मग वरून संरक्षक द्रव पाजला आणि फळी खिडकीजवळच्या टेबलावर आली. आता रोज सकाळी बाबांचं बोट माझ्यावरून धावतं. आई शेजारी बसून "अहो, बाजारात जरा थांबवा, मला उतरायचंय" म्हणून त्यांना चिडवते. येणारे पाहुणे अजूनही काचेचंच कौतुक करतात. करू देत. मी ऐकून सोडून देतो.

आज सकाळी मात्र वेगळंच घडलं. बाबांची फेरी शेवटच्या थांब्याला पोहोचली. रोज तिथून बोट परत फिरतं. आज बाबांनी ते तिथेच ठेवलं. मग मान वळवून म्हणाले, "अगं, माझ्या चपला कुठे आहेत?"

आई लगेच उठली. तिने चपला शोधल्या, पुसल्या, त्यांच्या पायात घातल्या आणि स्वतःच्या मात्र उलट्यासुलट्या घालून निघाली. तिच्या कोपराला धरून बाबा दारापर्यंत गेले. उंबरठ्यावर क्षणभर घुटमळले.

"थांब्यापर्यंतच जाऊ," ते म्हणाले. "बसचा आवाज ऐकून येऊ." आणि पाऊल बाहेर पडलं.

तेव्हापासून मी इथे रिकामा पडलोय. वाहन नसलं की रस्त्याला वाईट वाटत असेल असं लोक म्हणतात. छे! माझी छाती अभिमानाने भरून आलीय. तुम्हाला एकच विनंती. ते परत आले की हात धुण्याआधीच माझ्यावर बोट ठेवतील, मला माहीत आहे त्यांचा स्वभाव. त्या बोटाला बाहेरच्या रस्त्याची धूळ असेल. ती माझ्या अंगाला लागली, तर कृपा करून पुसू नका.