दगा खाल्लेल्या मित्राची भूमिका

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि सुट्टीच्या दिवशी नाटकात कामं करतो. बायको म्हणते, "तुमचा अभिनय अगदी काचेसारखा. आरपार दिसतो."

माझा जिवलग मित्र शिंपी. तोही आमच्याच नाट्यमंडळात. एका सिनेमासाठी आम्ही दोघांनी चाचणी दिली. यशाची शिडी चढताना खालच्या प्रत्येकाच्या बोटांवर पाय देणाऱ्या माणसाची गोष्ट होती. आम्हाला हवी होती त्याच्या मित्राची भूमिका. पहिला दगा तोच खातो.

आठवड्याने दुकानात फोन आला. "तुमचे ते शिंपी मित्र फोन उचलत नाहीत. आम्हाला ते पसंत आहेत. निरोप द्याल?"

"देतो की," मी म्हणालो, आणि जीभ पुढे धावली. "फक्त त्याला पाठ होत नाही हो. ऐनवेळी गाळण उडते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "बरं, तुम्ही मोकळे आहात का?"

दगा खाल्लेल्या मित्राची भूमिका मी मित्राला दगा देऊन मिळवली. भूमिकेत इतकं खोल कोण शिरतं?

बिचाऱ्या शिंप्याने मला मिठी मारली, वर चित्रीकरणासाठी कोट शिवून दिला. कोट मापात होता, तरी श्वास घेववेना.

चित्रीकरणात मला दारात उभं राहून "तू असं करशील वाटलं नव्हतं" एवढंच म्हणायचं होतं. सत्तावीस वेळा म्हटलं. शेवटी दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही दगा खाल्लेल्यासारखे नाही, दिलेल्यासारखे दिसताय!"

माणूस जाणकार होता.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला मी सगळा गोतावळा नेला, शिंप्यासकट. माझा प्रसंग आला. एक पाठ दिसली, दार लागलं, संपलं.

"ती पाठ तुझीच ना रे?" आईने मोठ्याने विचारलं. पुढची अख्खी रांग वळली.

"कोट झकास दिसला, काकू," शिंप्याने सावरून घेतलं.

ते मात्र मला सोसवेना. बाहेर गाड्या लावायच्या जागेत त्याला गाठून सगळं ओकून टाकलं.

त्याने काढलेली किल्ली परत खिशात टाकली. "पाठ होत नाही म्हणालास?"

मग तिथेच, स्कूटरला टेकून, त्याने तो प्रसंग सुरू केला. चाचणीच्या वेळी दिलेले नायकाचे आणि मित्राचे, दोघांचेही संवाद, एक शब्द न चुकता. "तू असं करशील वाटलं नव्हतं," तो माझ्याकडे बघून म्हणाला, आणि हेल्मेट घालणारा एक अनोळखी माणूस तसाच थांबला. असं म्हणायचं असतं तर ते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस वेळांत आलं नव्हतं.

तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही. घरी आलाच तर दारातूनच विचारायचा, "वहिनी आहेत का?"

मग एकदा तालमीला आला आणि माझ्याशेजारी बसला.

"माफ केलेलं नाही," समोर बघत म्हणाला. "दुसरी खुर्ची मोकळी नव्हती."

हॉलमध्ये डझनभर खुर्च्या रिकाम्या होत्या. मी काही त्या दाखवायला गेलो नाही.