दोन धाग्यांवर एक फुली

आईने आमच्या घरच्यांचा फोटो क्रॉस स्टिचमध्ये भरायला घेतला, तेव्हा चित्र किती मोठं होईल हे काढायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

"नक्षी दोनशे ऐंशी फुल्या रुंद. कापडाला इंचात अठ्ठावीस धागे. म्हणजे दहा इंच," बाबा म्हणाले. "दुप्पट कापड घे, वर एक इंच तुझ्या समाधानाला."

आईने एकवीस इंच कापून आणलं. उंचीला ताग्याची अख्खी रुंदी मिळाली, कारण त्या बाजूला बाबांनी गणित केलं नव्हतं.

फोटोत आम्ही ओळीने उभे: बाबा, आई, धाकटी, मी. आईने फ्रेमसाठी डावीकडे दोन इंच सोडले आणि बाबांपासून सुरुवात केली. वर्षभर भरत होती. परवा धाकटीचं कोपर संपलं आणि मी विचारलं, "आई, मी उभा कुठे राहणार?"

आईने टेप लावली. तिघांनी मिळून पंधरा इंच खाल्ले होते. उरले चार. मला हवेत पाच.

"अहो, एक फुली दोन धाग्यांवर घालतात! इंचात चौदाच बसतात!"

"मग आधी सांगायचंस."

"विचारलंत कधी?"

"गणित बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "कापड चुकलं."

धाकटी म्हणाली, "दादाला उभा अर्धा घेऊ. चांगली बाजू ठेवू."

"चांगली कुठली?" बाबांनी मनापासून विचारलं. दोघांनी मला समोरून न्याहाळलं. निर्णय झाला नाही.

"नाहीतर गाळूनच टाकू," बाबा म्हणाले. "फोटो यानेच काढला म्हणून सांगू."

"अरे, मी फोटोत आहे!"

"फोटो कपाटात असतो. भिंतीवर हे लागणार."

या घरात गॅसचा सिलिंडर मी उचलतो, माळ्यावर मी चढतो, आणि भिंतीवर मात्र हे तिघंच सुखाने हसत राहणार. मी तसं बोलून दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी आईने भिंग काढलं. "याला एकेका धाग्यावर भरते. अडीच इंचात बसेल. फ्रेमवाल्यालाही दीड इंच उरेल."

मला भरून आलं. रुंदी अर्धी झाली की उंचीही अर्धी होते, हे त्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही. आईने डोळे फोडून मला भरलं. तिघांवर मिळून वैतागली नसेल तेवढी ती एकट्या माझ्या मिशीवर वैतागली.

चित्र लागलं त्याच दिवशी मावशी आली. चष्मा वरखाली करून तिने बघितलं.

"हा मिशीवाला छोटा कोण गं?"

"आपला थोरला."

"अगं, हा धाकटीच्या कमरेला लागतोय!"

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"तो जरा लांब उभा होता."

"किती लांब?" मावशीने विचारलं.

बाबांनी पेन्सिल मागितली.